फोटो बाजूला ठेवा आणि गंगावेशीत जा

पत्र (थोडक्यात): "सप्रेम नमस्कार. मी कोल्हापूरची, एका सहकारी बँकेत कॅशियर आहे. वय 51. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, इंटरमीजिएटला 'ए' ग्रेड मिळाली होती. पुढे संसार, नोकरी, सासूबाईंचं आजारपण यात ब्रश सुटला तो सुटलाच. मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यावर पुन्हा जलरंग सुरू केले. पिंटरेस्टवरचे फोटो शोधते आणि ते समोर ठेवून चित्रं काढते. सूर्यास्त, होड्या, डोंगरातलं घर, गुलमोहर. हात चांगला बसलाय. ग्रुपवर टाकलं की कौतुक होतं, नातेवाईक फ्रेम करून मागतात. पण गेलं वर्षभर चित्र पूर्ण झालं तरी आनंद असा होत नाही. सगळी एकाच दिवशी काढल्यासारखी दिसतात. मुलगी म्हणते, 'आई, कम्फर्ट झोनच्या बाहेर पड, एकटी लडाखला जाऊन ये.' मैत्रिणीबरोबर पॉटरीचं वर्कशॉप केलं, झुंबालाही गेले. मजा आली, पण चित्रात काडीचा फरक पडला नाही. नोकरीमुळे वेळही मिळत नाही. माझ्यात मुळातच कल्पकता नाही का? या वयात ती येते का? आणि महिला दिनाला बँकेत माझ्या चित्रांचं प्रदर्शन ठेवायचं म्हणतायत, ते करू का?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून पुढे गेलात. "सगळी एकाच दिवशी काढल्यासारखी दिसतात." हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही. ग्रुपवरची मंडळी तर कौतुकच करतायत. हे तुमच्या डोळ्यांनी पकडलं. म्हणजे गेल्या काही वर्षांत हाताबरोबर नजरही तयार होत गेली आणि आता ती हाताच्या पुढे निघून गेली आहे. ज्याच्यात कल्पकता नसते त्याला असा सारखेपणा टोचत नाही, तो जन्मभर सुखाने तोच सूर्यास्त काढत राहतो. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं समजा आणि ती शंका इथेच सोडून द्या.

आता अडलंय कुठे ते पाहू. समोर ठेवलेल्या त्या होडीच्या फोटोचा जरा विचार करा. कोणीतरी एका तळ्याकाठी उभं राहिलं. पहाटे जायचं की संध्याकाळी, हे त्याने ठरवलं. होडी मधोमध नको, उजवीकडे हवी, हेही त्यानेच ठरवलं. आकाश किती घ्यायचं, काठावरचा विजेचा खांब कसा टाळायचा, पाण्यातली पडछाया कुठे कापायची, सगळं त्याचंच. उरलेलं कॅमेऱ्याने केलं: सावल्या काळ्या केल्या, केशरी रंग भडक केला. मग पिंटरेस्टने असे हजार फोटो तुमच्यापुढे ओतले आणि त्यातून तुम्ही सर्वांत सुबक दिसणारा उचलला. चित्र तुमच्या टेबलावर आलं तोवर त्यातले जवळजवळ सगळे निर्णय होऊन गेले होते. तुमच्या वाट्याला राहिलं रंग कालवणं आणि ब्रश फिरवणं. ते तुम्ही उत्तम शिकलात, नातेवाईक फ्रेम करून मागतात ते उगाच नाही. पण चित्रात माणूस दिसतो तो त्याच्या निर्णयांतून. काय घेतलं, काय सोडलं, काय मोठं केलं, कुठे हात आवरला. हे सगळं दुसऱ्याने करून ठेवलेलं असेल, तर चित्रात तुम्ही दिसणार कुठून?

म्हणूनच पॉटरीने आणि झुंबाने फरक पडला नाही. मातीकाम शिकलात, छानच झालं. पण परत येऊन टेबलाशी बसलात तेव्हा समोर पुन्हा फोटोच होता. लडाखचंही तसंच होईल. मुलगी प्रेमाने सांगते आहे, जमलं तर जरूर जाऊन या, पण चित्रासाठी म्हणून जाऊ नका. तुम्ही तिथून शेकडो फोटो घेऊन याल आणि पॅंगाँगचं निळं पाणी समोर ठेवून तितकंच सफाईदार चित्र काढाल.

कम्फर्ट झोनच्या बाहेर पड, हा सल्ला हल्ली सरसकट दिला जातो. बाहेर म्हणजे नेमकं कशाच्या बाहेर, ते कोणी सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या कामात तुम्हाला वाढायचंय, त्याच कामात राहा. त्यात तुम्ही सर्वांत जास्त कशावर रेलून बसता ते शोधा आणि तेवढी एकच गोष्ट काढून घ्या. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. तेच रंग, तोच कागद, तेच शहर, तीच रविवारची सकाळ. तुमच्या बाबतीत काढून घ्यायची गोष्ट म्हणजे फोटो.

आणि शहराचं म्हणाल, तर तुम्ही कोल्हापुरात राहता! चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना होता. 1931 मध्ये ते गेले. या माणसाने रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी, पंचगंगेचा काठ पुन्हा पुन्हा रंगवला. त्याच जागा, पण वेळ वेगळी, उजेड वेगळा, मनातला प्रश्न वेगळा. त्यांची चित्रं टाऊन हॉल म्युझियममध्ये आहेत. तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिलीही असतील, पण आता हातात पेन्सिल घेऊन जा. एकाच चित्रापुढे अर्धा तास उभ्या राहा आणि वहीत लिहा: यांनी इथे काय काय गाळलंय? प्रत्यक्ष काठावर असणार, पण चित्रात नाही, असं काय आहे? तुम्ही तो काठ जन्मापासून पाहताय, त्यामुळे हा प्रश्न तुम्हाला सोडवता येईल. परगावच्या माणसाला ते जमणार नाही.

हे झालं की प्रत्यक्ष कामाला लागा. पहिल्याच दिवशी पंचगंगा घाटावर जाऊ नका. तिथली देवळं, दीपमाळा, पायऱ्या, पूल यांनी नवखा माणूस गांगरून जातो आणि मग सवयीने मोबाइल काढून फोटो घेतो. रंकाळ्यातला दगडी संध्यामठही सध्या नको. तो इतक्यांनी काढलाय की तुमचा हात आपोआप कोणाच्या तरी चित्राची नक्कल करू लागेल. तुम्ही गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा.

हसू नका, मी पूर्ण विचार करून सांगतेय. तिथे म्हशी येतात, गिऱ्हाईकासमोर धार काढली जाते, फेसाळ दुधाचा पेला हातात मिळतो, हे तुम्हाला सांगायला नकोच. चित्र काढणाऱ्याच्या दृष्टीने तिथली सोय अशी, की धार चालू असेपर्यंत म्हैस फारशी हलत नाही. तुम्हाला काही मिनिटं मिळतात, आणि ती संपणार आहेत हेही माहीत असतं. सुरुवातीला याहून चांगला गुरू नाही.

पोस्टकार्डाएवढा कागद घ्या, त्याहून मोठा नको. पहिले काही दिवस नुसती पेन्सिल. मानेपासून सुरुवात करा, पाठीवरून जाऊन माकडहाडापर्यंतची रेघ हात न उचलता ओढा. डोळा, नाकपुडी, कानाचे केस यांच्या नादी लागू नका. फोटोवरून काढणाऱ्यांना आधी डोळा काढायची खोड असते, कारण फोटो कुठे पळून जात नाही. इथे डोळ्यातली चमक साधेपर्यंत धार संपते, गडी दोरी सोडतो आणि तुमच्या कागदावर एक सुंदर डोळा उरतो, म्हैस नसतेच. म्हणून आधी वजन पकडा. पोटाचा भार कुठे लोंबतो, मागच्या बाजूला खुब्याची हाडं कशी कोपऱ्यासारखी वर येतात, पुढचा पाय कुठे टेकलाय. पंढरपुरी म्हैस असेल तर शिंगं खांद्याच्या मागे जातात. ती लांब शिंगं तुमच्या छोट्या कागदात मावणारच नाहीत. तेव्हा ठरवावं लागेल: म्हैस लहान काढायची, की शिंगं कागदाबाहेर जाऊ द्यायची? हाच तो निर्णय, जो इतके दिवस दुसरं कोणीतरी तुमच्यासाठी घेत होतं. तो घेताना जी धाकधूक होईल ती नीट अनुभवा, तिच्यासाठीच तर तुम्हाला तिथे पाठवतेय.

मग रंग. तीनच घ्या: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर. काळा रंग घरी ठेवून जा. म्हैस काळी असते हे आपल्याला ठाऊक असतं, दिसत मात्र तसं नाही. सकाळच्या उन्हात तिच्या पाठीवर आकाश उतरलेलं असतं, तिथे ती निळसर राखाडी दिसते. पोटाखाली जमिनीवरून परतलेला उजेड असतो, तिथे तपकिरी ऊब येते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की दोन्ही राखाडी मिळतात, निळा वाढवला तर थंड, सिएना वाढवला तर उबदार. पाठ आणि पोट दोन्ही ओले असतानाच एकमेकांत मिसळू द्या, मध्ये रेघ मारू नका. काय होईल ते पूर्णपणे तुमच्या हातात राहणार नाही. काही वेळा चिखल होईल. एखाद्या वेळी मात्र असं काही उतरेल, जे ठरवून कधीच आलं नसतं.

आता खरं सांगायचं तर पहिली बरीच चित्रं वाईट होणार आहेत. तुमच्या सूर्यास्तांपेक्षा कितीतरी वाईट. ज्या हाताचं वर्षानुवर्षं कौतुक झालं, त्या हातातून असं काही निघताना पाहणं सोपं नसतं. बहुतेक जण इथेच परत फिरतात, आपल्यात ते नाहीच असं समजून. तुम्ही फिरू नका. आणि त्यासाठी एक अट घालते. दोन महिने ग्रुपवर काहीही टाकायचं नाही. चांगलं झालं तरी नाही. पिंटरेस्टइतकीच सवय तुम्हाला ग्रुपवरच्या त्या अंगठ्याच्या आणि फुलांच्या इमोजींचीही लागली आहे. शिवाय ती माणसं प्रेमळ आहेत. वाईट चित्रालाही 'व्वा ताई' म्हणतील, आणि तो खोटा दिलासा तुम्हाला नेमका नको तेव्हा मिळेल. चित्रांच्या मागे तारीख, वेळ आणि एक ओळ लिहा, "पाय आखूड झाले" किंवा "पाठ जमली". मग एका डब्यात टाका. फाडायची नाहीत.

लोक बघतील. तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींमधून मला वाचता आलं की खरी भीती तीच आहे. ओळखीचं गाव, बँकेतल्या कॅशियर बाई रस्त्यात स्टूल टाकून बसल्यात, खातेदार काय म्हणतील? कोल्हापुरात तर कोणी गप्प उभं राहायचंच नाही. "काय काढलायसा?" "ही म्हस हाय व्हय?" असं विचारतीलच. विचारू द्या. त्यांना चित्रकलेतलं काही कळत नसेल, म्हशीतलं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. कासेची जागा चुकली तर तिथला गवळी एका वाक्यात सांगेल, आणि तो शेरा ग्रुपवरच्या सगळ्या कौतुकाला भारी पडेल. बसताना भिंतीला पाठ लावून बसा म्हणजे मागे घोळका होत नाही. पहिल्या दोन-तीन वेळा कोणाला तरी बरोबर न्या. गावात कलेचं शिक्षण देणाऱ्या जुन्या संस्था आहेत, त्यांची मुलं घाटावर आणि रंकाळ्यावर बसून काम करताना तुम्ही पाहिली असतील. त्यांच्याशेजारी जाऊन बसलात तर कोणी हटकणार नाही, उलट मुलं जागा करून देतील. जगभरात अर्बन स्केचर्स नावाने अशी मंडळी एकत्र जमून जागेवर बसून रेखाटनं करतात. फोटोवरून काढायचं नाही हा त्यांचा नियमच आहे. पुण्या-मुंबईतही त्यांचे गट आहेत, मुलीकडे जाल तेव्हा चौकशी करा.

फोटो बघणं किंवा नक्कल करणं हे पाप आहे असं मात्र मी म्हणत नाही. 1872 पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायचे आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घ्यायचे. कितीतरी वर्षं हे काम चाललं. ती मुलं नक्कलच करत होती, पण मूळ भिंतीसमोर उभं राहून, अपुऱ्या उजेडात, पडलेल्या पोपड्यांच्या जागी काय असेल याचा अंदाज घेत. त्यात पावलोपावली डोकं चालवावं लागतं. तुमच्या सूर्यास्तांनाही त्यांची जागा आहे. भाचीच्या घरभरणीला द्यायला काढा, दमून आल्यावर मन शांत करायला काढा. फक्त तीच तुमची चित्रकला असं समजू नका.

नोकरीमुळे वेळ मिळत नाही, असं तुम्ही म्हणता. वेळेची ओढाताण मला मान्य आहे, नोकरी आडवी येते हे मान्य नाही. प्रभाकर बरवे आपल्याकडचे फार मोठे चित्रकार. तेही विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी करत होते, हातमागाच्या कापडासाठी नक्षीकाम करायचे. 1961 ते 1965 या काळात ते नोकरीनिमित्त वाराणसीत राहिले. तिथे तंत्रसाधनेच्या परंपरेतल्या आकृतींशी त्यांचा जवळून परिचय झाला आणि त्यांच्या चित्रांचं वळण बदललं. पुढे तर घड्याळ, झाडाचं पान अशा साध्या वस्तू त्यांच्या चित्रांत आल्या आणि पाहणाऱ्याला थांबायला लावू लागल्या. बरवे वर्षानुवर्षं डायऱ्या लिहीत, त्यात रेखाटनंही करत. तुम्ही काउंटरवर बसता, दिवसाला किती हात पाहता! पैसे मोजणारे, थरथरत सही करणारे, अंगठा उमटवून शाई पदराला पुसणारे. रोज रात्री जेवण झाल्यावर त्यातला एकच हात आठवून वहीत काढा. पंधरा मिनिटांत होईल ते होईल. नाव-गाव काही लिहायचं नाही, नुसता हात. आठवणीतून काढताना जेवढं तुम्हाला महत्त्वाचं वाटलं तेवढंच शिल्लक राहतं, बाकी आपोआप गळून जातं. ही वही तुम्हाला गंगावेशीइतकीच उपयोगी पडेल, पावसाळ्यात तर जास्तच, कारण तेव्हा बाहेर कागद वाळत नाही. पावसाळ्यातच एकदा राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयही पाहून या. सिनेमात नट म्हणून नाव मिळवलेल्या या माणसाने पावडर शेडिंगमध्ये, म्हणजे ब्रशऐवजी रंगाची पूड कागदावर घासून, निसर्गचित्रं केली. पुढे कधी तरी ब्रशच काढून घ्यायची पाळी येईल, तेव्हा ती चित्रं आठवतील.

काही गोष्टींना मात्र स्पष्ट नाही म्हणा. एकदम मोठा कॅनव्हास, तैलरंग, ॲबस्ट्रॅक्ट, रोज एक चित्र टाकायची ऑनलाइन चढाओढ, पैसे भरून भाग घ्यायच्या स्पर्धा. यातली प्रत्येक गोष्ट 'बाहेर पड'च्या नावाखाली तुमच्यापुढे येईल. एका वेळी एकच आधार सुटला तर माणूस तोल सावरायला शिकतो. सगळेच एकदम काढले तर पडतो, आणि परत उभं राहायला घाबरतो. घरी येऊन दमल्यासारखं वाटलं, पण पुन्हा जावंसं वाटतंय, तर योग्य चाललंय. जायच्या विचारानेच आदल्या रात्री पोटात गोळा येत असेल, तर जागा बदला, वेळ कमी करा, सोबत न्या. चिकाटी दाखवायची म्हणून रेटू नका.

वयाबद्दल फार लिहीत नाही. डोळे शाबूत आहेत, हात बसलेला आहे, माणसं वाचायचा 51 वर्षांचा अनुभव आहे. इंटरमीजिएटच्या मुलीकडे यातलं शेवटचं नव्हतं.

राहिलं प्रदर्शन. जरूर करा, आणि जुनीच चित्रं लावा. होड्या, गुलमोहर, डोंगरातलं घर, सगळी. मैत्रिणींना ती आवडतात, त्या प्रेमाने मागतायत, त्यांना नाराज करायचं काही कारण नाही. म्हशी मात्र त्यात एकही लावू नका, कितीही मोह झाला तरी. ते काम अजून कोवळं आहे, चार जणांनी चार बाजूंनी काही म्हटलं की तुम्ही पुन्हा सुबक काढायला लागाल. त्याऐवजी तो डबा घेऊन तुमच्या जुन्या ड्रॉइंगच्या सरांना किंवा बाईंना गाठा, हयात असतील तर. नसतील तर एखाद्या कलाशिक्षकांची वेळ मागून घ्या. सगळी चित्रं तारखेप्रमाणे जमिनीवर मांडा आणि त्यांना एकच विचारा, यातलं कुठलं चित्र माझं वाटतं? त्यांनी ज्यावर बोट ठेवलं ते बाजूला काढा आणि पुढच्या रविवारी त्याच वेळी त्याच जागी जाऊन बसा.